बाळ्याचं रीळ

संज्या,

दोन वर्षं तुला नीट लिहिलं नाही, काय शिव्या घालायच्यात त्या आधी घालून घे. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा आहे तसाच. आता मुद्दा.

माळा आवरताना वहिनींना बाळ्याचा झेनिट कॅमेरा सापडला, तो त्यांनी माझ्याकडे पाठवला. काउंटर २९ वर, आत रीळ! आपणच मोठ्या रोलमधून कापून भरलेली ओर्वोची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, एनपी २२, कॅसेटवर तुझ्या कोंबडीच्या पायांत '८९ राजगड'. ते हातात घेऊन मी मोरीत किती वेळ बसलो ते सांगत नाही, हसशील.

वर्षभर मी परत घरी फिल्म धुण्याचा उद्योग करतोय. मध्ये कॉफीतही फिल्म धुतली, लिटरला इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, धुण्याचा सोडा ५४, व्हिटॅमिन सी १६, पंधरा मिनिटं, आणि एचपी५ फिल्मवर चित्र चक्क उठतं रे! वास मात्र असा की ही म्हणाली, मोरीत काही मेलंय का. आता गुपचूप आपल्या जुन्या डेव्हलपरवर, डी-७६ वर आलोय, घरीच करतो, लिटरला मेटॉल २, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. आणि मेटॉलच्या आधी चिमूटभरच सल्फाइट टाकायचं. हॉस्टेलात तू अख्खं ओतलंस, मेटॉल विरघळेचना, आणि वर माझ्यावर ढकललंस की पाणी गार होतं. अजून कबूल केलेलं नाहीस.

तर अंधारात रिळाचा वीतभर तुकडा कापून डी-७६ मध्ये धुतला. नळाला ३१ डिग्री पाणी, टँक बर्फाच्या घमेल्यात ठेवून २० वर आणला. हायपोतून, म्हणजे फिक्सरमधून, काढून बल्बसमोर धरला तर सगळी धुरकट राखाडी, इतके उन्हाळे माळ्यावर काढल्यावर दुसरं काय होणार. पण त्या धुरात एक कोपर आणि एक किटली, निगेटिव्हमध्ये काळीकुट्ट. पद्मावतीच्या देवळातला चहा! कोपर माझं नाही, माझ्या हातात घड्याळ असायचं. तुझं असेल, नाहीतर काकांचं. बाळ्याचं असेल असं वाटत नाही, कारण कॅमेरा त्याच्याच हातात. हेच मला खातंय रे, सगळ्या रिळात आपण दात काढत असणार आणि तो एकाही फोटोत नसणार. वहिनी काही विचारत नाहीत, पण परवा फोन करून "तुमच्याकडे पाऊस कसा" म्हणाल्या. मे महिन्यात.

आता उरलेलं कशात धुऊ? डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड घातलं की फॉग, तो धुरकटपणा, दबतो, पण फिल्म आधीच मेलेली, ती आणखी मंद होणार. रॉडिनल डेव्हलपरच्या एकास शंभर पाण्याच्या पातळ द्रावणात तासभर न हलवता ठेवावं तर फॉगही आरामात चढणार. परत तुकडा कापून बघावं तर वितीमागे पाच फोटो जातात, आणि त्या पाचांतच तो असला तर?

चिंगीचं लग्न ठरलं म्हणे, छान, जावई काय करतो? घराला रंगही काढलास ऐकलं. शुगर तपासत जा.

शनिवारी नागपूरहून रात्रीची गाडी धर. ब्रोमाइड तोलताना माझा हात थरथरतो आणि काट्यावरचा पॉइंट दिसत नाही, ते तू कर. रीळ काळ्या डबीत, फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे आहे, हिला उघडू नको म्हणून सांगितलंय. सल्फाइटला मात्र तू हात लावायचा नाहीस.

तुझा,
वश्या