तीन सांगाडे, चाकांची एकच जोडी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सायकलचे तीन-तीन सांगाडे कशाला? बसायला एकच लागतो ना?" मागून आई हसल्याचंही ऐकू आलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र. आईने इथेच थांबलं तरी चालेल, पुढे नुसते आटे आणि मापं आहेत.

तिन्ही डोंगरी सायकलींचे सांगाडे (फ्रेमा) आहेत, हार्डटेल, म्हणजे मागे स्प्रिंग नाही. लावलेल्या भागांवरून वर्षं काढली तर एक 1987 च्या आसपासची, एक 1992 ची आणि एक 1996 ची. चाकं मात्र माझ्याकडे एकच जोडी, 26 इंची, मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, 135 मिलिमीटर रुंद. म्हणजे तिघींतली एकच चालती करता येणार. त्यामुळे निर्णय अर्धा तिथेच होणार होता, पण मन ऐकत नव्हतं.

1987 ची माझी लाडकी. नळ्यांच्या जोडांवर लग, म्हणजे नळ्या आत बसतात त्या धातूच्या बाह्या, आहेत, तुमच्या काळ्या सायकलीला होते तसे, फक्त टोकं कोरल्यासारखी बारीक. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या चांगल्या 45 सेंटीमीटर लांब. मागचा ब्रेक मात्र पायडलांच्या मागे, त्या नळ्यांच्या पोटाखाली बसवलेला, यू-ब्रेक म्हणतात त्याला. त्या दोन-तीन वर्षांत बऱ्याच कंपन्यांना ही हुक्की आली होती. चिखल पहिल्यांदा कुठे भरतो हे त्यांना सांगायला तुम्ही हवे होतात. शिवाय तो ज्यांवर बसतो त्या फ्रेमवरच्या खुंट्या साध्या कँटिलिव्हर ब्रेकपेक्षा वेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे साधा ब्रेक लावायचीही सोय नाही.

1996 ची ॲल्युमिनियमची. जाड जाड नळ्या, उन्हात रंग बदलणारा पेंट, एका हाताच्या दोन बोटांनी उचलता येते. ॲल्युमिनियमचा ताठरपणा पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, म्हणून नळी जाड करतात. व्यास वाढवला की ताठरपणा झपाट्याने वाढतो आणि वजन तरी कमीच राहतं. सायकली बनवणाऱ्या गॅरी क्लाइनने सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकताना याच कल्पनेवर काम सुरू केलं होतं. माझी त्याची नव्हे, दुसऱ्याच कुणाची.

आणि 1992 ची? तिच्याकडे कुणी वळून बघणार नाही. आधीच्या मालकाने ब्रशने काळा रंग फासलाय, वरच्या दांडीला सुपारीएवढा पोचा आहे. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं) पोलाद, नळ्या थेट वेल्ड केलेल्या (टिग वेल्डिंग), लग नाहीत, नाव खरवडून काढलेलं.

तुम्ही शिकवलं होतंत तसं आधी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, उपसायला घेतला. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन धातू एकमेकांना असे धरतात की शेवटी करवतच लागते. 1987 ची बऱ्यापैकी कुरकुरली, पण सुटली. काळीचा, म्हणजे 1992 च्या सायकलीचा, पोस्ट लोण्यातून काढल्यासारखा निघाला, आणि माप निघालं 27.2 मिलिमीटर. इथे माझे कान टवकारले. सीटची नळी बाहेरून 28.6 मिलिमीटर, आत 27.2 चा पोस्ट, म्हणजे भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटरचीही नाही. स्वस्त जाड नळीत एवढा मोठा पोस्ट जातच नाही. रंग खरवडला काय, ब्रश फिरवला काय, नळीची जात व्हर्नियरला कळते.

मग बी.बी., म्हणजे पायडलांच्या मधलं बेअरिंग (बॉटम ब्रॅकेट), काढायला बसले. उजव्या कपाचे आटे उलटे असतात हे तुम्ही मला दहाव्या वर्षी सांगितलं होतंत. मी पान्याला नळी जोडून, अक्षरशः उभी राहून, अर्धा तास तो कप आणखी आवळत होते. हे कुणाला सांगू नका. निघाला तेव्हा आत थोडा तांबूस गंज, पण टोकरलं तर सुटा होणारा, खोल नाही.

सरळपणा दोऱ्याने तपासला. मागचं चाक बसतं त्या एका टोकापासून दोरा हेडट्यूबला (हँडल फिरतं त्या पुढच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही बाजूंनी सीटच्या नळीपर्यंतचं अंतर मोजायचं. काळीत एक मिलिमीटरचा फरक, 1987 च्या लाडकीत दोन. दोन्ही चालतील. हेडट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवलं. समोरून आपटलेली सायकल तिथे सुरकुतते. दोन्ही पोलादी गुळगुळीत होत्या. ॲल्युमिनियमवाली तिथे ठीक, पण मागच्या नळीच्या वेल्डजवळ पेंटला केसाएवढी रेघ होती. नख फिरवलं, अडकलं. दिवा धरून पाहिलं तर रेघ पेंटच्या खालीही गेलेली. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते तडकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, लहान धक्केही खात्यावर जमा होत जातात. सगळ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमा वाईट असं मी म्हणत नाही, पण ही मी उतारावर नेणार नाही. दोन बोटांनी उचलून पुन्हा ठेवून दिली.

उरल्या दोन. त्यांची परीक्षा एकाच चाकांवर घेतली. 1987 च्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर 130 मिलिमीटर, 135 चा हब हाताने ताणून बसवला. पोलाद तेवढं सोसतं. उतारावर ती राणी, हँडल सोडावंसं वाटेल इतकी सरळ जाते. पण चढावर मुळांमधून वळताना बैलगाडी. पुढचं चाक एकीकडे, मागचं अजून मागच्या वळणात. शिवाय आडवी दांडी 59 सेंटीमीटर, घरी आले तेव्हा पाठ ताठ. या जुन्या सायकलींचा साइज सीटच्या नळीवरून इंचांत सांगतात, त्याने मीही फसले होते. दोघीही 18 इंची, पण काळीची आडवी दांडी 57. माझ्या पाठीला हवी ती दांडी, सीटची नळी नव्हे.

काळी त्याच वाटेवर नेली. हेडट्यूबचा कोन 71 अंश, सीटच्या नळीचा 73, मागच्या नळ्या साडेबेचाळीस सेंटीमीटर. नव्वदच्या सुरुवातीला शर्यतीच्या बहुतेक सायकली याच मापाच्या. वळणाचा विचार केला की ती वळलेली असते. उताराला थोडी घाबरवते, खोटं का बोलू.

इथल्या सायकलवाल्याने लगेच सल्ला दिला, पुढे स्प्रिंगचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बसवा. पण ही फ्रेम साध्या, सुमारे 39 सेंटीमीटर उंचीच्या चिमट्यासाठी आखलेली आहे. चिमटा 20 मिलिमीटरने उंच केला की पुढचा कोन साधारण एक अंशाने पडतो, आणि आजचे चिमटे साडेचव्वेचाळीस-पंचेचाळीसच्याही वर. तीन अंश गेले म्हणजे काळी काळी राहिलीच नाही, वर हेडट्यूबवर पडणारा जोर वेगळा. साधाच ठेवणार आहे. ब्रेकच्या खुंट्या मात्र नेहमीच्या जागी आहेत, त्यावर 1996 च्या सुमारास आलेले व्ही-ब्रेक सरळ बसतात.

तुम्ही विचारलं होतंत, डोंगरावरून सायकल हाकायचं खूळ निघालं कुठून. कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीत. 21 ऑक्टोबर 1976 ला काही पोरांनी फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर जुन्या जाड टायरच्या सायकलींची शर्यत लावली. ब्रेक मागच्या हबमध्ये, उलटं पायडल मारून लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, मग दर खेपेला हब उघडून नवं ग्रीस भरायचं. त्यावरून त्या रस्त्याचं नावच पडलं रिपॅक, म्हणजे पुन्हा भरणे. म्हणजे बाबा, अख्ख्या खेळाची सुरुवात ओव्हरऑइलिंगने झालीय! पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझने जुने सांगाडे सोडून क्रोमोलीची खास डोंगरी फ्रेम बनवली, ती आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1981 पासून स्टंपजंपर ही तयार डोंगरी सायकल दुकानात मिळू लागली आणि मग सगळ्यांनाच वेड लागलं.

काळीच्या हेडसेटच्या, म्हणजे हँडलच्या बेअरिंगच्या, खालच्या कपात गोट्यांनी खळगे पाडलेत, हँडल सरळ झालं की मधेच अडकतं. कप बदलू, की तुम्ही करायचात तसं पिंजऱ्यातल्या गोट्या काढून सुट्या गोट्या एक-दोन जास्त घालून बघू? रविवारी फोन कराल तेव्हा सांगा, तोवर कप रॉकेलमध्ये बुडवून ठेवलाय. 1987 ची भिंतीवर टांगलीय, चाकांशिवाय.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी