वीरगळ अजून ताडपत्रीखालीच आहे : सर्व सभासद व हितचिंतकांना आवाहन

स. न. वि. वि.

गणपतीचा हिशेब ऑडिटरकडे अडकलेला, सभागृहाचा गळका कोपरा तसाच, आणि त्यात पितृपक्ष लागलेला. अशा वेळी पैशासाठी पत्र काढू नये, असे दोन विश्वस्तांचे मत पडले. पण आपल्या भागातल्या शहीद जवानांसाठी जो वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणाचा कोरीव दगड, घडतो आहे, त्याचे काम कारागिराने थांबवून पंधरा दिवस झाले. दगड त्याच्या आवारात आडवा पडून आहे. खालचे दोन पट्टे कोरून झालेत, वरचा कोरा आहे. मग पत्र काढायचे तरी कधी? आणि पितृपक्षाचेच म्हणाल, तर शस्त्राने मरण आलेल्यांचे श्राद्ध याच पंधरवड्यातल्या चतुर्दशीला करतात, हे आपल्या आज्यांना पाठ होते. ज्यांच्यासाठी हा दगड घडतो आहे त्यांची तिथी हीच. तेव्हा वेळ चुकली असे मला तरी वाटत नाही.

पत्त्यात आपण रोज ‘लष्कर, ग्वाल्हेर’ लिहितो. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा हा तळ. १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी राहुट्या पडल्या त्या पुन्हा उठल्याच नाहीत. त्यांचे वाडे झाले, वाड्यांच्या गल्ल्या झाल्या आणि गल्ल्यांत आपण झालो. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले, पुढच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास पानिपत झाले, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. त्यापुढचे मात्र कुणी विचारू नये. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी, एकाच दिवशी, ग्वाल्हेरची फौज इंग्रजांशी लढली. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. जिंकणाऱ्यांनी आपल्या मेलेल्यांसाठी कलकत्त्याला हुगळीच्या काठी स्मारक बांधले आणि त्यात आपल्याच जप्त तोफांचा धातू वापरला. त्याच तोफांच्या धातूच्या चांदण्या करून शिपायांच्या छातीवर लावल्या. आपले माजी अध्यक्ष ते स्मारक पाहून आले, तेव्हापासून कार्यकारिणीत विषय पाण्याच्या टाकीचा असो की सतरंज्यांचा, कलकत्ता निघतेच. खरे सांगायचे तर या कामाचे बी तिथेच पडले.

पुढचेही थोडे नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरची तिसरी इन्फंट्री पूर्व आफ्रिकेत टांग्याला लढत होती (हे बंदराचे नाव आहे, आपल्या महाराज बाड्यावरचा घोड्याचा टांगा नव्हे. मागच्या सभेत हसू झाले होते म्हणून लिहितो). चौथी इन्फंट्री संस्थाने विलीन झाल्यावर भारतीय सैन्याची १४ कुमाऊँ पलटण झाली. आणि १९९९ च्या जूनमध्ये टायगर हिलवर बॉम्ब टाकणारी मिराज विमाने ग्वाल्हेर तळाची. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांनाही त्यांचा आवाज ओळखता येतो.

चौकात जवानाचा पुतळा बसवायची कल्पना आधीची. त्यासाठी फायबरचा जवान करूनही घेतला होता. परवानगीची फाइल एका कार्यालयात दोन वर्षे फिरली. साहेब बदलले की ती पुन्हा खालच्या टेबलावर. तो जवान आज आपल्या कोठीत मांडवाच्या बांबूंशेजारी उभा आहे. बंदुकीची नळी मोडली आहे आणि संस्कारवर्गाची मुले तिच्यावर दप्तरे अडकवतात. ते पाहून काय वाटते ते इथे लिहीत नाही. मात्र त्यातून दोन निर्णय झाले. जागा आपलीच, म्हणजे अंगणातल्या निंबाखाली, रस्त्याकडे तोंड करून. आणि फायबर नको, दगडच हवा. किल्ल्याच्या कड्यावरच्या जैन मूर्ती पंधराव्या शतकापासून उभ्या आहेत. बाबराने त्यांची तोंडे फोडायला लावली, तरी मूर्ती उभ्याच राहिल्या.

वीरगळाची सूचना ग्रंथालय सांभाळणाऱ्या आपल्या बाईंची. देशावरच्या गावांत मारुतीच्या देवळापाशी असे दगड शेंदूर फासून उभे असतात, आपण ओलांडून जातो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. बाई म्हणाल्या, “पुतळा एकाचा होतो. वीरगळ कितीही जणांचा होतो.” त्यावर कुणालाच काही बोलायचे उरले नाही, आणि आपल्या कार्यकारिणीत असे क्वचितच घडते.

खालच्या पट्ट्यात जवानाचा बूट दिसतो. कारागिराने विचारले, बूट कोणता काढू? मुरारचे सुभेदारकाका दुसऱ्या दिवशी आपले डीएमएस (लष्करी) बूट कापडी पिशवीतून घेऊन त्याच्या आवारात हजर. बुटाच्या नाडीची गाठ कशी मारतात ते त्यांनी तिथेच बसून दाखवले, चार वेळा. ती गाठ आता दगडात उतरली आहे, बोट फिरवले तर लागते. मधल्या पट्ट्यावरून मात्र तीन बैठका गाजल्या. अप्सरा ठेवाव्यात असा एक पक्ष, ठेवू नयेत असा दुसरा. शेवटी शिंदे की छावणीतल्या काकू, ज्यांचा मुलगा सीमेवरून परत आला नाही, त्या हळूच म्हणाल्या, “त्याला न्यायला अप्सरा कशाला? दारात आई उभी करा की.” म्हणून मधल्या पट्ट्यात एक दार आहे, उंबरठा आहे, आणि लुगडे नेसलेली बाई आहे. तिचा चेहरा कारागिराने मुद्दामच पुरा कोरलेला नाही. वरच्या पट्ट्यात शिवलिंगाऐवजी फक्त तेवती समई. कारण दगडावरची नावे सगळ्या धर्मांची असणार आहेत, आणि फक्त मराठी घरांची नसणार. लष्कर, मुरार, जुने ग्वाल्हेर, तिन्हींतली असतील. यावर दोघांनी नाराजी कळवली. कळवली हे बरे केले, निर्णय बदलणार नाही.

आता खर्च का वाढला ते. पहिला दगड वाया गेला. आपला ग्वाल्हेरचा दगड थराथराचा असतो. उभा करताना थर चुकला तर काही वर्षांत पापुद्रे सुटतात. चांगला दगड हातोडीने वाजवला की खणखणतो. पहिला एका कोपऱ्यात भद्द वाजला, आणि कोरायला घेतल्यावर तिथेच छिन्नीखाली पत्र्यासारखा थर निघाला. कारागिराने प्रामाणिकपणे सांगून टाकले. गप्प बसला असता तर आपल्याला कळलेही नसते. दुसरा दगड ७ फूट उंच, ३ फूट रुंद आणि १ फूट जाड आहे, वजन दीड टनाच्या आसपास. तो आपल्या गल्लीत आणायला हायड्रा (क्रेन) लागणार. जमिनीतली ओल चढून लोणा लागू नये म्हणून पायात काँक्रीट आणि त्यावर ग्रॅनाइटची पट्टी घ्यावी लागेल.

ज्यांच्या बळावर इथवर आलो त्यांची नावे त्यांच्याच अटीमुळे छापत नाही, पण आपण सगळे ओळखालच. नया बाजारातल्या भाऊंनी सभागृहाच्या पायापासून आजवर मंडळाला सिमेंट खरेदीच्या भावाने दिले, आणि यावेळी पायाचे सिमेंट फुकट देतो म्हणाले. भजनी मंडळाच्या काकूंनी गेल्या दिवाळीत अनारसे आणि चिरोटे करून विकले आणि ४१,००० रुपये आणून टेबलावर ठेवले, सुट्या नोटांसकट. १९६२ च्या थंडीत जवानांसाठी स्वेटर विणणाऱ्या आपल्या आज्यांच्याच या सुना. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका दर महिन्याच्या ५ तारखेला जिना चढून ५०० रुपये देतात आणि पावती घेतल्याशिवाय खाली उतरत नाहीत. गुडघे दुखतात, आम्ही घरी येऊन घेतो म्हटले तर रागावले. जनकगंजच्या शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे दिले, त्यात दोन जुनी चार आण्यांची नाणीही निघाली. ती चालत नाहीत, पण आम्ही जपून ठेवली आहेत.

आणि दुसरी बाजूही लिहायला हवी. गेल्या वर्षी ३०० पत्रे पाठवली. २७ उत्तरे आली, त्यातली ४ पत्ता बदलल्याची. पुणे, बंगळूर आणि परदेशात स्थायिक झालेले आपले लोक गणपतीत ग्रुपवर आरतीचा व्हिडिओ मागतात, तो आम्ही रात्री साडेअकराला जागून पाठवतो. वर्गणीचा विषय निघाला की हात जोडलेले चित्र येते. रागाने लिहीत नाही. पण वाईट वाटले, हे खरे.

एकूण अंदाज ८,६०,००० (दुसरा दगड व वाहतूक १,४०,०००, कोरीव काम ४,२०,०००, पाया व हायड्रा १,६०,०००, नावांची अक्षरे व कठडा १,४०,०००). जमा ४,९५,०००. कमी पडतात ३,६५,०००. देणगी धनादेशाने, रोख किंवा कार्यालयातल्या फलकावरच्या क्यूआर कोडवर. रोख २,००० च्या वर नको, कारण त्यावर देणगीची आयकर-सवलत मिळत नाही. पॅन नंबर लिहायला विसरू नये. कार्यालय सोमवार सोडून संध्याकाळी ६ ते ८. दसऱ्यापर्यंत निम्मी रक्कम आली तर कारागीर पुन्हा कामाला लागेल आणि १६ डिसेंबरला, म्हणजे १९७१ च्या विजयदिनी, दगड उभा करता येईल. नाही आली तर तो दुसरे काम घेणार आहे. त्याला दोष देता येत नाही.

पैशाइतकीच नावांची गरज आहे. आपल्या घरातले, शेजारातले, वाड्यात पूर्वी राहून गेलेल्यांतले कुणी लढताना किंवा सेवेत असताना गेले असेल तर नाव, हुद्दा, पलटण आणि वर्ष कळवावे. सोबत काहीतरी कागद हवा. पेन्शनचे पुस्तक, सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र, जुनी तार, काहीही चालेल. नाव घरात जसे लिहीत तसेच, ऱ्हस्व-दीर्घ नीट तपासून, ठळक अक्षरात लिहून द्यावे. दगडावर खोडरबर चालत नाही. आमच्याकडे एकाच माणसाचे नाव तीन प्रकारे आले आहे, आणि तिन्ही पत्रे सख्ख्या भावांची आहेत.

येत्या चतुर्दशीला, म्हणजे सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी ६ वाजता सगळ्यांनी कारागिराच्या आवारात जमावे. ताडपत्री काढून दगड दाखवू. भाषणे नाहीत. पावतीपुस्तक बरोबर असेल.

आपला,
कार्यवाह

ता. क. : आवाराबाहेरचा खांबावरचा दिवा महिनाभर बंद आहे आणि वाटेत दगडाच्या कपच्या पडलेल्या असतात. येताना बॅटरी आणावी. ज्येष्ठांनी चपला नव्हे, बूट घालून यावे. सुभेदारकाकांचे बूट अजून तिथेच आहेत, ते कुणी चुकून घालून जाऊ नये.