सुरिगावच्या धक्क्यावरच्या दादांना, सलामत!

सिंगापूरहून आम्ही चौघे मराठी मित्र 11 जुने सर्फबोर्ड घेऊन फिलिपिन्सच्या सिआरगाव बेटावर जाऊन आलो. 16 डिसेंबर 2021च्या वादळात तिथे माड आणि घरं आडवी झाली, तसे पोरांचे बोर्डही गेले होते.

बेटावर जाणाऱ्या छोट्या विमानात नऊफुटी बोर्ड मावेनात. म्हणून सेबूहून रात्रीच्या बोटीनं सुरिगाव, तिथून दुसऱ्या बोटीनं बेटावरचं दापा बंदर. सुरिगावला धो धो पाऊस! एका हमालदादांनी स्वतःच्या सामानावरची ताडपत्री ओढून आमच्या बोर्डांवर घातली. पैसे पुढे केले तर चक्क रागावले. बोर्ड पोरांसाठी आहेत एवढंच त्यांना कळलं होतं.

बेटावरच्या जनरल लूना गावात दोन फुटक्या बोर्डांना रात्री जागून रेझिन लावून देणाऱ्या मावशी, तुमचेही आभार. आमच्या पॅकिंगला तुम्ही नावं ठेवलीत, ती रास्तच होती. आणि मोटारसायकलीला बोर्ड अडकवून किनाऱ्यापर्यंत चार खेपा करणारे ते दोघे भाऊ!

तिकडे आभार मानताना 'सलामत' म्हणतात. आपल्याकडे सलामत म्हणजे सुखरूप. अकराही बोर्ड सलामत पोचले, म्हणून सलामत.

दादा, ताडपत्री चुकून आमच्याबरोबरच आली आहे. पुढच्या खेपेला घेऊन येतो.