नानास पत्र: सातपुड्यासाठी गाडी बांधताना

चोपडा
२२ एप्रिल

प्रिय नाना,
स. न.

तुझं पत्र मिळालं. गाड्यांची यादी वाचली, सोबतची सामानाची यादीही वाचली: विंच (अडकलेली गाडी ओढणारी मोटर), स्नॉर्कल, पाच इंची लिफ्ट (सस्पेन्शन उंच करून गाडी वर उचलणं), छतावर दिव्यांची पट्टी. धुळे-नंदुरबारात दुसरी नसेल अशी गाडी तुला हवी आहे, आणि ती हौस मला मनापासून आवडली. पण यादी खालून वर वाचायला हवी होती असं वाटतं. गाडी वेगळी दिसते ती अमुक एका जमिनीसाठी बांधली म्हणून. तेव्हा आधी जमीन ठरव, मग टायर, मग बाकीचं बठ्ठं.

तुझी जमीन तीन तऱ्हेची आहे. शहाद्याहून वर निघालास की तोरणमाळ, धडगाव बाजूला बेसाल्टचे सुटे दगड आणि नाले. खाली गोमाई-तापीच्या काठाला रेती. मधल्या पट्ट्यात आपली काळी, कापसाची. यातल्या काळीसाठी गाडी बांधायच्या फंदात पडू नकोस. पाणी पडलं की ती फुगते, खाली कडक थर लवकर लागत नाही, आणि कितीही खोल नक्षीचा टायर असला तरी चिखल खाचांत बसून तो गुळगुळीत होतो. पावसानंतर दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्यायचं आणि मगच पांधीने जायचं, हाच त्यावरचा उपाय. राहिले दगड आणि रेती. दोन्हीकडे हलकी गाडी जड गाडीला भारी पडते.

आता गाड्या. महिंद्राची जुनी डिझेल थार सीआरडीई (२०१० ते २०२०): २५२३ सीसी, २४७ न्यूटन-मीटर टॉर्क, क्लच न जाळता चढणारं इंजिन. २०१५ च्या बदलानंतर तिच्यात मागे लॉक होणारा डिफरन्शियलही (एक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा) मिळायचा. पण पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, टॉर्शन बारचं (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा). टॉर्शन बार पिळून पुढचा भाग उचलला की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे कोन वाढतात, सांध्यावरचे रबरी बूट फाटतात, धूळ शिरते आणि जॉइंट संपतो. शिवाय वजन. मारुतीची जिम्नी दोन्हीकडे सलग एक्सल आणि कॉइल स्प्रिंगची आहे, नवी कोरी आहे, पण नव्या गाडीला हात लावला की वॉरंटीचा प्रश्न येतो. जुन्या जीपचे सुटे भाग गावोगाव मिळतात. तुला मात्र ब्रेक, वायरिंग, बॉडी सगळंच नव्याने करावं लागेल.

माझं मत मारुतीच्या जुन्या जिप्सीला. १२९८ सीसीची, ८० अश्वशक्तीची, एमपीएफआय पेट्रोल इंजिनची ‘जिप्सी किंग’, सॉफ्ट टॉप (कापडी छताची). वजन हजार किलोच्या आसपास, दोन्ही एक्सल सलग, चारही कोपऱ्यांत पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), आणि रुंदीला कमी असल्यामुळे दोन दगडांमधून निघून जाते. टॉर्क कमी आहे हे तिचं खरं दुखणं. म्हणूनच टायरचा हिशोब नीट करायला हवा, कारण तिथेच बहुतेक जिप्स्या बिघडतात.

मूळ टायर २०५/७० आर१५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), व्यास ६६८ मिलिमीटर. तू म्हणतोस तो २३५/७५ आर१५ म्हणजे ७३३. व्यास जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी उंच झाला. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल. ते एक वेळ चालेल. पण लो रेंजचा (अवघड चढासाठीच्या हळू, जोरदार गिअरांचा) पहिला गिअरही तेवढाच उंच होतो. चढावर इंजिन दम टाकतं, माणूस अर्धा क्लच धरतो, आणि क्लच प्लेट जळते. उतारावर इंजिनचा रोधही कमी पडतो, मग ब्रेक तापतात. शिवाय या टायरला किमान सहा इंची रिम लागते, मूळ रिम साडेपाचची. रुंद रिम किंवा स्पेसर (चाकामागे घालायची चकती) लावले की चाक बाहेर जातं, बेअरिंगवर भार वाढतो, स्टीअरिंग हातात झटके मारतं.

२१५/७५ आर१५ घे. व्यास ७०३, फरक पाच टक्के, मूळ रिमवर बसतो. एक्सलखाली साधारण १८ मिलिमीटर जास्त मिळतात. १८ कमी वाटतील, पण सलग एक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली लोंबतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो फक्त टायरने वर जातो. लिफ्टने बॉडी आणि चेसिस वर जाते, गोळा जागच्या जागी. पाच इंच लिफ्ट करून ट्रॅक्टरच्या चाकोरीत गेलास तरी मधला उंचवटा गोळ्याला तितकाच लागणार. नक्षी ऑल-टेरेनची (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची), बाजूची भिंत जाड. आपल्याकडे टायर तळातून कमी आणि बाजूने जास्त फाटतो, कारण बेसाल्टच्या कडा धारदार असतात. पाच टायर घे. मागच्या दारावरची स्टेपनीही त्याच मापाची. तिचं वजन वाढल्यावर दाराच्या बिजागऱ्यांपाशी पत्रा चिरतो, तिथे आतून पट्टी लावून घे.

टायरमधली हवा रस्त्यावर २६-२८ पीएसआय, दगडात १८, रेतीत १२ ते १४. बारावर असताना झटकन वळायचं नाही, टायर रिमवरून निसटतो. हवा सकाळी टायर थंड असताना मोजायची. मे महिन्यात दुपारी काटा चार-पाच पीएसआय वर दिसतो; तो बघून हवा सोडली तर रात्री टायर बसलेला असतो. कॉम्प्रेसर सिगारेट सॉकेटला लावू नकोस, थेट बॅटरीवरून फ्यूज घालून वायर घे.

लिफ्ट दीड ते दोन इंच, बस. पाट्यांना नवीन कमान चढवून किंवा एक पाटा वाढवून. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) हा स्वस्त मार्ग आहे, पण पुढच्या लांब शॅकलने कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कल) कमी होतो, वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि हायवेवर गाडी भटकते. पाटे एक्सलच्या वर घेऊन पाच इंच मिळवण्याचा प्रकार तर तुझ्या कामाचाच नाही: पाटा एस आकारात पिळतो, ड्रॅग लिंकचा (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो, ब्रेकचे होज तोकडे पडतात. पाटा एक्सलला आवळणारे यू बोल्ट दर वेळी नवे घ्यायचे, एकदा ताणलेला बोल्ट परत वापरायचा नाही. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पहिल्या दगडी वाटेनंतर ते पुन्हा आवळायचे. ढिल्या यू बोल्टने पाट्याचा मधला बोल्ट कापला जातो आणि एक्सल मागे सरकतो.

लिफ्टनंतर एक तपासणी स्वतः उभा राहून करून घे. चारही मडगार्डच्या आतून आणि चेसिसच्या कडेला ओला चुना फास. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक दगडावर चढव, दुसरी दोन लोंबू दे, आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरव. मग उलटी जोडी. जिथे चुना पुसला गेला तिथे टायर घासतो. गाडी तशीच असताना खाली जा: ब्रेकचा होज ताणलेला नसावा, आणि प्रोपेलर शाफ्टची (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याची) सरकती दातेरी बाजू किमान २५ मिलिमीटर आत असावी. कमी असेल तर स्पेसर लागेल, नाहीतर उतरताना शाफ्ट निसटेल. हे करायला गॅरेजवाला कंटाळा करतो, पण तू सोडू नकोस.

मग खालचं संरक्षण. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि पेट्रोल टाकीखाली स्किड प्लेट, म्हणजे दगडाचा मार झेलणारा पत्रा. ४ मिलिमीटर लोखंडी पत्रा दर चौरस मीटरला ३१ किलो भरतो, ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम १६. जाड अ‍ॅल्युमिनियम परवडत असेल तर तेच. ऑइल सोडायला भोक ठेव, आणि चिखल धुऊन काढायला बाजूने दोन बोटं जागा. काळी माती प्लेटवर साचून वाळली की विटेसारखी बसते आणि केसची उष्णता अडवते.

दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर (आतल्या हवेची ये-जा होणारी तोंडं) रबरी नळीने बॉनेटच्या उंचीपर्यंत आण. काम दोनशे-चारशे रुपयांच्या नळीचं. तापलेला एक्सल नाल्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. दुसऱ्या दिवशी ऑइल दुधाळ दिसलं तर तेच झालेलं असतं, लगेच बदल. स्नॉर्कल या कामी येत नाही, ते फक्त इंजिनच्या हवेचं तोंड वर नेतं. आपले नाले गुडघाभर. त्याहून जास्त पाणी असेल तर पूर आहे आणि थांबायचं.

पुढचे फ्री व्हीलिंग हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारी-सोडणारी कळ) नक्की तपास. हवेवर चालणाऱ्या हबच्या नळ्या जुन्या गाडीत तडकलेल्या असतात. दांडी फोर व्हीलमध्ये पडते, पण पुढची चाकं ओढत नाहीत. हाताने फिरवायचे हब बसवले की प्रश्न मिटतो. रेडिएटर उघडून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ करणं) करून घे, फॅनचं आवरण फुटकं नको. वैशाखात लो रेंजमध्ये हळू चढताना समोरून वारा नसतो, सगळी भिस्त फॅनवर.

विंच आत्ता नको. एकूण भाराच्या दीडपट ओढणारा घ्यावा लागतो, नाकावर तीसेक किलो वाढतात आणि पूर्ण ताणात तो बॅटरीतून तीनशेच्या वर अँपिअर खेचतो. त्याऐवजी पुढे-मागे चेसिसला बोल्टने आवळलेले दोन-दोन हूक, २० मिलिमीटरचा नऊ मीटर लवचीक दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोर हुकाला अडकवायच्या दोरीच्या कड्या), हाताने ओढायचा पुलर, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर चौकोनी जाड प्लायवूड. बंपरला किंवा टो-बॉलला दोर कधीच बांधायचा नाही. बॉल तुटला की गोळीसारखा येतो. पैसे उरले तर मागच्या एक्सलला लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा. एक चाक हवेत गेल्यावर जिप्सीची सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते, आणि लॉकरने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेही पडत नाही.

दिवे हवे असतील तर दोनच, बंपरच्या उंचीला. छतावर काहीही नको, वीस लिटरचा पाण्याचा कॅन पुढच्या सीटांमागे जमिनीवर. आडव्या उतारावर वर ठेवलेला प्रत्येक किलो गाडी कलंडवायला मदत करतो. रोल केज (गाडी उलटली तर माणसं वाचवणारा पाइपांचा सांगाडा) केलास तर सीमलेस पाइपचा, पाय पत्र्यावर वेल्ड न करता चेसिसला धरून, आणि डोक्याजवळच्या पाइपला फोम.

कागदाचं आधी बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. क्रॅश गार्डवर (बंपरपुढच्या लोखंडी चौकटीवर) डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. टायरचं माप, केज, रंग हे सगळं करण्याआधी आरटीओत विचार आणि मिळेल ते उत्तर लेखी घे. लष्कराच्या लिलावातली जिप्सी असेल तर तिची नागरी नोंदणी झालेली आहे का, हे पैसे देण्याआधी. आणि यावल किंवा अनेर अभयारण्यात ठरलेली वाट सोडून चाक घालायचं नाही, गाडी कितीही तयार असली तरी.

गाडी बघायला जाशील तेव्हा टोकदार हातोडी ने. मागच्या शॅकलची बैठक, पुढच्या चाकामागची चेसिस आणि बॉडी माउंट ठोकून बघ. खणखणीत आवाज हवा; बोदा आला किंवा खाली ताजा काळा रंग मारलेला दिसला तर निघून ये, बाकी गाडी कितीही चकचकीत असो. मग पुढचं चाक उचलून वरून-खालून धरून हलव. खेळ असेल तर किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंगं गेलेली आहेत, तेवढे पैसे किमतीतून कमी कर.

गाडी ठरली की चेसिस नंबर आणि खालचे फोटो पाठव. पहिल्या महिन्यात फक्त सील, बेअरिंग, ब्रेक आणि ऑइल. टायर दुसऱ्या महिन्यात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुभाष