काहीच झालं नाही, त्याबद्दल आभार

ट्रॅक्टरवाल्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

निघताना मी तुमचं नाव विचारलं होतं. "नाव काय करता बाई, पोराईले आधी खाऊ घाला," म्हणून तुम्ही विषय मिटवलात. पत्ता नाही, नंबर नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण त्या संध्याकाळी तुम्हाला नाही नाही ते बोलून गेलेली मंडळीही हे वाचतील. पुसद-उमरखेड भागातला एक नाला, त्यावरची ठेंगणी फरशी, म्हणजे बुटका पूल, आणि तिच्या तोंडाशी आडवा लावलेला लाल ट्रॅक्टर. ओळखायला एवढी खूण तुम्हाला पुरे.

आभार कशाचे, ते आधी सांगते, कारण ते सांगायला जरा अवघड आहे. तुम्ही कुणाला पाण्यातून ओढून काढलं नाहीत. त्या रात्री तिथे कुणी वाहून गेलं नाही, एकही गाडी बुडाली नाही, दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ आली नाही. काहीच झालं नाही. दुधाच्या टेम्पोवाल्याने जाताना तुम्हाला ऐकवलंच होतं, "तवाच सोडलं असतं तरी काही नसतं झालं." त्याला खोटं ठरवायला माझ्याकडे काही पुरावा नाही, तुमच्याकडेही नव्हता. तुम्ही नुसते "असन बाप्पा" म्हणालात आणि ट्रॅक्टरला किल्ली मारलीत.

आम्ही नागपूरहून निघालो होतो. सासऱ्यांचं पहिलं पित्र, म्हणून सासूबाई, दोन मुलं, मी आणि भाड्याच्या गाडीचा तरुण ड्रायव्हर. सकाळपासून एकेक गाव मागे पडत होतं तसा नांदेडहून दिरांचा फोन, "कुठवर आलात?" आमच्या डोक्यावर आभाळ मोकळं होतं. पश्चिमेला तर चक्क ऊन होतं. हमरस्ता सोडून आत वळलो तेव्हा फरशीवरून चार बोटं पाणी वाहत होतं. गाडी सहज निघाली असती. आणि नेमका तेव्हाच शेतातून ट्रॅक्टर काढून तुम्ही तो रस्त्यात आडवा घातलात.

आमच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तुम्ही खाली उतरून काचेशी आलात आणि भांडणाऐवजी त्याला पाणी दाखवलंत. "रंग पाह्यला का? मंघाशी निवळ होतं. आता गढूळ झालं, अन् तुऱ्हाट्या वाहून राह्यल्या. वरच्या शिवारात लय पडला." मी आजवर नदीनाले पाहिले ते खिडकीतून. पाऊस एकीकडे पडतो आणि पूर दुसरीकडे येतो, हे शाळेच्या पुस्तकात असणारच, पण कोरड्या रस्त्यावर उभं राहून ते कुणी बोटाने दाखवलं नव्हतं. तुमच्याकडची काळी जमीन सप्टेंबरपर्यंत पाणी पिऊन तुडुंब असते. त्यावर आणखी पाऊस कोसळला की तो मुरत नाही, सरळ ओघळीला, ओघळीतून नाल्याला लागतो. शास्त्रज्ञ पावसानंतर सहा तासांच्या आत येणाऱ्या पुराला अचानक पूर म्हणतात. लहान नाल्याला एवढाही वेळ लागत नाही. तुमच्या नाल्याने तर आमच्या बोलण्याबोलण्यात चार बोटांची वीत केली आणि मग फरशी दिसेनाशीच झाली.

मधे एक गोष्ट घडली ती मी विसरणार नाही. तुम्ही ट्रॅक्टर लावायच्या जरासं आधी पलीकडून एक जीप आली होती, पाणी उडवत, आरडाओरडा करत. ती सुखरूप आली आणि सगळं बिघडलं. पुढचा तासभर जो येई तो त्या जीपकडे बोट दाखवी. "तो आला की!" मोठी गाडी घेऊन आलेल्या एका साहेबांनी तर तुम्हाला फोर बाय फोरचं महत्त्व समजावून सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात, "तो आला ते पाणी गेलं साहेब. हे दुसरं हाये."

काका, या वाक्यावर मी पुढे बराच विचार केला. पाण्यात गाडी घालणारा माणूस बहुतेक वेळा धाडसी नसतो. तो पुढच्या गाडीचा दिवा बघून जातो. पुढचा गेला म्हणून हा, हा गेला म्हणून मागचा. म्हणूनच तुम्ही मोटारसायकलवाल्या जोडप्यालाही सोडलं नाहीत आणि ओळखीच्या गाववाल्यालाही नाही. एकाला सोडलं असतं तर बाकीच्यांना अडवायला तुमच्याकडे तोंड राहिलं नसतं.

साहेबांच्या फोर बाय फोरबद्दल. घरी आल्यावर मी थोडं वाचलं, कारण आमच्या ड्रायव्हरला आणि माझ्या भावालाही हे पटवायचं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे आकडे असे, की जोरात वाहणारं सहा इंच पाणी धडधाकट माणसाला पाडतं, फूटभर पाणी बहुतेक लहान गाड्या नेतं आणि दोन फूट पाणी जीपसारख्या मोठ्या गाड्यांनाही उचलतं. ऐकायला हे अतिशयोक्त वाटतं. पण एक घनमीटर पाण्याचं वजन 1000 किलो, आणि गाडी जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाने पाणी तिला वर ढकलतं. दाराच्या फटींतून पाणी आत यायला वेळ लागतो, तोवर ती तरंगते. चाकं जमिनीला टेकत नसतील तर दोन फिरली काय नि चार फिरली काय. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. आणि फरशीला कठडा नाही, नुसते पांढरे रंगवलेले दगड. गाडी हातभर सरकली तरी पुरे.

पण तुम्ही सांगितलेलं कारण या सगळ्याच्या आधीचं होतं. कुणीतरी ओरडला, "काहून अडवता? पूल तर हाये ना खाली?" त्यावर तुम्ही म्हणालात, "हाये का नाई, हे तुमाले दिसते का? मले तं नाई दिसत."

तेवढ्यावर दोन मिनिटं सगळे गप्प झाले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल असाच गेला. मुंबई-गोवा महामार्ग, अंधार, पाऊस, आणि दोन एसटी बस व इतर वाहनं रस्ता आहे असं समजून नदीत गेली. एवढ्या मोठ्या रस्त्यावरचा पूल गेलेला अंधारात कळत नाही, तिथे नाल्यावरच्या फरशीचं काय. वरून पाणी वाहताना खालचा भराव आतल्या आत धुपत असतो आणि गढूळ पाण्यातून ते कुणालाच दिसत नाही.

तुम्ही महाडचं नाव घेतलं नाहीत. तुम्ही दहागावचं घेतलंत. गुलाब चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळून विरलं आणि त्याचा उरलेला पाऊस मराठवाडा-विदर्भावर कोसळला, ते सप्टेंबर 2021. त्या 28 तारखेला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यात एसटी बस वाहून गेली आणि त्यात माणसं गेली. "तवापासून म्या ठरवलं," एवढंच तुम्ही बोललात. काय ठरवलं ते विचारायची गरज नव्हती, ट्रॅक्टर समोर उभा होता.

इशाऱ्यांची मला थट्टा करायची नाही. त्या दिवशी सकाळी फोनवर जिल्ह्याचा पिवळा इशारा आला होता आणि तो बरोबर ठरला. पण यवतमाळ जिल्हा केवढा! त्यातल्या कोणत्या नाल्याला, किती वाजता, हे हवामान खातं सांगू शकत नाही, आणि 1077 वर फोन केला तरी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाला तुमची फरशी दिसत नाही. ती दिसते तिथे राहणाऱ्याला. पोलीस पाटील, कोतवाल, आपत्तीत मदत करायला शिकवलेले आपदा मित्र असतात, पण नाले किती आणि ते किती! मधल्या रिकाम्या जागेत तुमच्यासारखा कुणी उभा राहिला तर राहिला. अंगावर वर्दी नाही, हातात शिट्टी नाही, कायद्याने अडवायचा अधिकारही बहुधा नाही. वरून शिव्या.

शिव्यांबद्दल बोलायलाच हवं. दुधाच्या टेम्पोवाल्याचा राग मला समजला. त्याचं दूध नासत होतं, ते नुकसान खरं होतं आणि ते त्याला कुणी भरून देणार नव्हतं. आमच्या ड्रायव्हरलाही मालकाचा फोन येत होता, दुसऱ्या दिवशीचं भाडं ठरलेलं होतं. पण ज्यांचं काहीच नासत नव्हतं, ज्यांना फक्त जेवायला घरी पोचायचं होतं, त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता. तुमच्या पायाशी नातू उभा होता, त्याच्यादेखत तुम्हाला "रस्ता काय बापाचा आहे का" म्हणणारा माणूस कपड्यांवरून चांगला शिकलेला दिसत होता. तुम्ही चिडला नाहीत. मला वाटतं, अडवण्यातलं खरं कष्टाचं काम हेच आहे. ट्रॅक्टर आडवा लावायला मिनिट लागतं. तो तिथेच ठेवायला मात्र माणसाची कातडी जाड लागते.

आणखी बारीकसारीक पुष्कळ आहे. गाड्या नाल्यापासून मागे, बाभळीच्या वरच्या अंगाला घ्यायला लावल्यात, कारण पाणी फरशीपुरतं थांबत नाही. पूर बघायला धावलेल्या आमच्या पोरांना काठावरून हाकललंत, काठ आतून पोखरलेला असतो म्हणून. व्हिडिओ काढणाऱ्या तरुणांना तर तुम्ही जे शब्द वापरलेत ते मी इथे लिहीत नाही, सासूबाई अजून हसतात. त्यांना तुमच्या ओसरीवर नेऊन बसवलंत, घरच्यांनी पोरांना पिठलं-भाकर दिली. तुमचा आणि आमचा परिचय काय होता?

आमच्यात काय बदललं तेही कळवते. घरातलं कुणी पावसाळ्यात प्रवासाला निघालं की आता आम्ही "कुठवर आलात" विचारायला फोन करत नाही. त्या फोनने गाडी चालवणाऱ्याचा पाय दाबला जातो, हे त्या संध्याकाळी मला ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर दिसलं. दिरांनी तर सगळ्यांना सांगून ठेवलंय, की पित्र दुपारी उशिरा जेवले तरी रागावत नाहीत. भाड्याची गाडी ठरवताना वाटेत अडकलो तर मुक्कामाचे पैसे देऊ, हे आम्ही आधीच बोलतो, म्हणजे ड्रायव्हरला थांबणं परवडतं. मुलांना शिकवलंय, की गाडीत पाणी शिरायला लागलं तर पट्टा सोडायचा, काच लगेच खाली करायची आणि खिडकीतून टपावर जायचं. वीज बंद पडली की काचा हलत नाहीत आणि बाहेर पाणी चढलं की दार उघडत नाही. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, मुंबईत बंद गाड्यांत गुदमरून माणसं गेली होती. समोरची काच फुटता फुटत नाही, बाजूची फोडायची असते आणि ती मधोमध नाही, कोपऱ्यात. हे ठाऊक असावं, पण याची वेळ येऊ नये म्हणून मागे वळायचं, हे त्यांना तुमच्याकडूनच कळलं.

रात्री उशिरा पाणी उतरलं. तरी तुम्ही लगेच सोडलं नाहीत. आधी काठी टेकत स्वतः फरशीवर गेलात, टॉर्च मारून दोन्ही कडा पाहिल्यात, पलीकडचा भराव पायाने दाबून पाहिलात आणि मग एकेक गाडी सोडलीत. आम्ही पार झालो तेव्हा कडेचे दोन पांढरे दगड जाग्यावर नव्हते. ते आधीपासूनच नव्हते की त्या रात्री गेले, तुम्हालाच माहीत.

तिथे उंच पूल होणार असल्याचं तुम्ही बरीच वर्षं ऐकत आहात म्हणालात. तो होईल तेव्हा होवो. तोवर फरशीच्या दोन्ही तोंडांना पाण्याची खोली दाखवणारे रंगवलेले खांब आणि अडवायला एक साखळी, एवढं करायला फार पैसे लागू नयेत. तसा अर्ज मी लिहून ठेवलाय. त्यावर तुमच्या गावातल्या लोकांच्या सह्या हव्या आहेत, माझ्या एकटीच्या सहीला तिथे कोण विचारणार.

दिवाळीनंतर दीर त्याच वाटेने यायचे आहेत. त्यांच्यासोबत तो अर्ज, एक मोठी टॉर्च आणि ट्रॅक्टरला लावायच्या चमकणाऱ्या लाल पट्ट्या पाठवते आहे, कारण अंधारात लांबून येणाऱ्याला तुमचा ट्रॅक्टर दिसत नव्हता आणि मला सारखी त्याचीच भीती वाटत होती. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर सामान ठेवतील. "लाल ट्रॅक्टरवाल्या काकांचं" म्हटलं की तो देईल.

घरच्यांना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. सासूबाईंनी पिठलं कसं केलं होतं ते विचारलंय.

आपली,
बाभळीखाली थांबलेल्या पांढऱ्या गाडीतली