इन्फेक्शन शून्य, पण कल्चर किती पाठवली?

संपादक साहेब, नमस्कार.

बाळांच्या अतिदक्षता विभागात इन्फेक्शन पसरलं की दोन दिवस बोंबाबोंब होते, चौकशी बसते, आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं की आमच्याकडे तर आधीचे सहा महिने इन्फेक्शन शून्य होतं. मी बरीच वर्षं एनआयसीयूत सिस्टर होते म्हणून या शून्याबद्दलच लिहितेय.

शून्य दोन प्रकारे येतं, एक खरंच नीट हात धुतल्यामुळे आणि दुसरं कल्चर (रक्तात जंतू उगवतो का ते बघायची लॅबची तपासणी) न पाठवल्यामुळे. मोठ्या माणसाला थंडीताप आला तर तो सांगतो तरी, एवढंसं बाळ काय सांगणार, उलट ते गार पडतं, दूध घेईना होतं, मधेच श्वास थांबतो, आणि हे सगळं नुसतं दिवस कमी भरल्यामुळेही होतं. किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्तच सगळं मिळून ८०-९० मिली, त्यातून कल्चरला १ मिली काढायचं म्हटलं की हात कचरतो, मग चार थेंब जातात, जंतू उगवत नाही, अँटिबायोटिक मात्र चालू आणि रजिस्टर कोरं!

बरं, महिन्यात ३ इन्फेक्शन म्हणजे जास्त की कमी? सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी, तिच्यातून जंतू रक्तात शिरू शकतात) किती बाळांना किती दिवस होती ते कळल्याशिवाय सांगताच येत नाही. म्हणून दर १००० लाइन-दिवसांमागे (एका बाळाला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस) किती असा हिशोब करतात, तोही वजनाप्रमाणे वेगवेगळा, कारण ७५० ग्रॅमचं बाळ आणि अडीच किलोचं बाळ एका तागडीत घालता येत नाही. त्यासाठी रोज ठरलेल्या वेळेला लाइन मोजायच्या असतात, दोन मिनिटांचं काम, पण ते नाईटच्या दमलेल्या सिस्टरच्या गळ्यात पडतं आणि आठवड्याचे आकडे शनिवारी एकदम भरले जातात (मीही भरलेत, खोटं कशाला बोलू).

अजून एक पळवाट म्हणजे जन्मानंतरच्या ७२ तासांची. त्याच्या आतलं इन्फेक्शन आईकडून आलं असं धरायची पद्धत आहे, पण दुसऱ्याच दिवशी क्लेबसिएला (हॉस्पिटलात नेहमी सापडणारा जंतू) सापडला तर आईवर ढकलण्याआधी आपलं सक्शन, आपलं सलाईन तपासा की!

आणि पत्रकारांनाही विनंती, जिथे आकडा जास्त दिसतो त्यालाच एकदम झोडपू नका, पुढच्या महिन्यात तिथलं रजिस्टरही कोरं होईल. आधी विचारा, कल्चर किती पाठवली आणि लाइन-दिवस किती होते.

– एक निवृत्त सिस्टर