हिरव्या पाटीवरची पिवळी अक्षरे: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी मुलुंडला राहते. सत्तावीस वर्षे एका सहकारी बँकेच्या वाहनकर्ज विभागात काम करून २०२१ साली निवृत्त झाले. रिक्षा, टेम्पो, टूरिस्ट गाड्या, खासगी गाड्या अशा हजारो फायली माझ्या हाताखालून गेल्या. एखाद्याच्या दारात गाडी उभी आहे एवढ्यावरून त्याच्या घरात पैसा आहे असे मी कधीच म्हणू शकले नाही, कारण त्या गाडीचे कागद माझ्यासमोर असायचे. सरकारी खात्यांत मात्र हा निष्कर्ष सर्रास काढला जातो आहे, आणि त्यासाठी लागणारी गाड्यांची यादी आपल्या खात्यातून जाते. म्हणून हे पत्र आपल्याला.

माझा धाकटा भाऊ भांडुपला चाळीतल्या एका खोलीत राहतो. वीस वर्षे टॅक्सी चालवतोय. २०२२ च्या दिवाळीत त्याने सीएनजीची जुनी गाडी विकली आणि इलेक्ट्रिक घेतली. ऑन-रोड साडेतेरा लाख. मार्जिनचे, म्हणजे स्वतःच्या खिशातून घालायचे, दीड लाख कसे उभे राहिले ते मला पाठ आहे: जुन्या गाडीचे एक लाख आले आणि भावजयीने पाटल्या गहाण ठेवून पन्नास हजार आणले. उरलेल्या बारा लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षे मुदत. हप्ता महिना १९,६०० रुपये. सात वर्षांत तो बँकेला साधारण साडेसोळा लाख भरणार.

गाडी चाळीच्या तोंडाशी आली, पूजा झाली, पेढे वाटले. तेव्हापासून लोकांचे बोलणे बदलले. ‘तुमचं काय बाबा, इलेक्ट्रिकवाले!’ गणपतीच्या वर्गणीला त्याच्याकडे दुप्पट आकडा मागितला गेला. काळी-पिवळी चालवणाऱ्याला कुणी श्रीमंत म्हटलेले मी आयुष्यात ऐकले नाही, कारण ती गाडी बघितली की पोटापाण्याची आहे हे लहान मुलालाही कळायचे. पांढऱ्या टूरिस्ट गाडीलाही पिवळी पाटी असते, त्यावरून कळते. इलेक्ट्रिक गाडीला हिरवी पाटी असते. खासगी असेल तर अक्षरे पांढरी आणि भाड्याची असेल तर पिवळी. हा फरक किती जणांना ठाऊक आहे? रस्त्यावरच्या माणसाला फक्त हिरवा रंग दिसतो, आणि हिरवा म्हणजे महागडी, पर्यावरणवाली, पैसेवाल्यांची गाडी असा समज होऊन बसला आहे. माझ्या भावाचा सगळा संसार त्या पिवळ्या अक्षरांवर चालतो आणि ती अक्षरे कुणी वाचत नाही.

त्याची हिशोबाची वही मी दर दोन महिन्यांनी तपासते, जुनी सवय. रोज साधारण दीडशे किलोमीटर, सुमारे बावीस युनिट वीज. त्याच्या खोलीत चार्जिंगची सोय होणे शक्यच नाही, त्यामुळे बाहेरच्या स्टेशनवर युनिटला सोळा रुपयांच्या आसपास मोजतो, म्हणजे दिवसाला साडेतीनशे. सीएनजीवर हेच साडेपाचशेच्या घरात गेले असते. फायदा आहे, खोटे बोलणार नाही. ॲपवाल्यांचे कमिशन जाऊन दिवसाला दोन हजार हातात येतात, महिन्याचे सव्वीस दिवस. त्यातून वीज, हप्ता, विमा, फिटनेस, टायर, रात्रीचे पार्किंग गेले की उरतात अठरा-एकोणीस हजार. त्यात चार माणसे आणि मुलीचे अकरावीचे क्लास.

आता बँकेच्या नजरेने बघा. गेल्या दिवाळीला तीन वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्याच्या कर्जाची बाकी होती ७ लाख ८० हजार. त्याच आठवड्यात त्याने एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी दाखवली. व्यापाऱ्याने मीटरचा आकडा पाहिला आणि साडेपाच लाख सांगितले. म्हणजे त्या दिवशी गाडी विकली असती तर बँकेचे पूर्ण पैसे फेडायला त्याला खिशातून आणखी २ लाख ३० हजार घालावे लागले असते. ज्या गाडीमुळे तो श्रीमंत ठरतो, ती हिशोबाला धरली तर तो सव्वादोन लाखांनी खड्ड्यात आहे. गाडीच नसती तर निदान शून्यावर असता.

त्यात बॅटरीची भीती. त्याच्या गाडीच्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी संपेल ते. घर ते ऑफिस गाडी चालवणाऱ्याची आधी आठ वर्षे संपतात. रोज दीडशे किलोमीटर चालवणाऱ्याची हमी साडेतीन वर्षांत संपते आणि कर्ज सात वर्षांचे असते. दिवाळीत त्याचा काटा १ लाख ४८ हजारांवर होता. बॅटरी हा त्या गाडीतला सगळ्यात महाग भाग. हल्ली तो चार्जिंगला गाडी लावून बाजूला उभा असला की टक्केवारीकडे नाडी मोजल्यासारखा बघत राहतो.

महोदय, २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. भावजयीने अर्ज भरला, काही महिने पंधराशे रुपये आले. त्या पैशांतून तिने पाटल्यांचे व्याज भरायला सुरुवात केली होती. योजनेच्या निकषांत कुटुंबातल्या कुणाच्या नावावर चारचाकी नोंदलेली नसावी अशी अट आहे, ट्रॅक्टर वगळून. २०२५ च्या सुरुवातीला पडताळणी सुरू झाली, चारचाकीवाल्यांच्या याद्या घेऊन अंगणवाडी सेविका घरोघर गेल्या. भावाच्या दारातही एक बाई आल्या. त्या बिचाऱ्या स्वतः तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या. त्यांनी गाडी पाहिली, घर पाहिले आणि भावजयीला म्हणाल्या, ‘ताई, मला दिसतंय सगळं, पण कागदावर फक्त हो किंवा नाही लिहायचंय.’ त्यांनी ‘हो’ लिहिले. माझा त्यांच्यावर अजिबात राग नाही. रकाना एकच होता.

ट्रॅक्टर वगळताना ज्याने विचार केला त्याने बरोबर विचार केला होता: ट्रॅक्टर हे कमाईचे साधन आहे, चैन नव्हे. मग टॅक्सी काय आहे? शिधापत्रिकेच्या नियमात हे जुन्या काळीच लिहून ठेवले आहे. १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आहेत, आणि केशरी कार्डासाठी घरात चारचाकी नसावी असे म्हणताना तिथे टॅक्सी चालकांना वगळले आहे. एकाच राज्यात एक नियम टॅक्सीला रोजीरोटी मानतो आणि दुसरा तिलाच श्रीमंतीचा पुरावा धरतो. (उत्पन्नाच्या मर्यादा किती जुन्या झाल्या हा वाद वेगळा आहे, तो इथे काढत नाही.)

आणि शिधापत्रिकेची सवलत तरी इलेक्ट्रिकवाल्याला सुखाने मिळते का? मुलीचे नाव चढवायला भाऊ एका शिधावाटप कार्यालयात गेला तेव्हा गाडीचा विषय निघाला. तो म्हणाला, टॅक्सी आहे. समोरच्याने सांगितले, परमिट दाखवा. आता केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या भाड्याच्या वाहनांना परमिटच्या अटीतून सूट दिली आहे. ती द्यायचा हेतू चांगला होता, चालकाची एक धावपळ वाचली. पण त्याच्याकडे परमिटच नाही, तर दाखवणार काय? आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ‘मोटार कॅब’ लिहिलेले त्याने बोट ठेवून दाखवले. तरी दोन खेपा झाल्या. दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची कमाई, चार हजार रुपये.

आयकर खात्यातही त्याची नोंद आहे. दहा लाखांवरची गाडी घेताना विक्रेत्याने एक टक्का, सुमारे तेरा हजार रुपये त्याच्याकडून घेऊन सरकारकडे भरले. विवरणपत्र भरून ते परत मिळतात. मी भरून दिले आणि मिळालेही. चाळीतल्या इतर चालकांकडे अशी बहीण नाही, त्यांचे पैसे तसेच राहतात.

आता दुसरी बाजू, कारण फायली मी दोन्ही बाजूंच्या पाहिल्या आहेत. श्रीमंतांकडे महागड्या इलेक्ट्रिक गाड्या आहेतच. जुलै २०२५ मध्ये बीकेसीत टेस्लाचे दुकान सुरू झाले, तिथली स्वस्तातली गाडी साठ लाखांच्या घरात होती. ती घेणारा माझ्या भावासारखा पाटल्या गहाण ठेवून घेत नाही. पण माझा अनुभव सांगते: खऱ्या पैसेवाल्याची गाडी अनेकदा त्याच्या नावावर नसतेच. ती कंपनीच्या नावावर असते. हप्ता कंपनी भरते, व्याज खर्चात धरले जाते, घसारा म्हणजे गाडीच्या झिजेची करात वजावट मिळते, आणि इलेक्ट्रिकवर तो पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त दराने मिळतो. यात बेकायदा काही नाही. पण ‘कुटुंबातील सदस्याच्या नावावर चारचाकी’ या चाळणीत अशा घरातून एकही गाडी सापडत नाही. सापडतो तो भांडुपचा टॅक्सीवाला, कारण त्याची आरसी त्याच्याच नावावर असते. ती तशी असल्याशिवाय बँक कर्ज देत नाही.

मुलुंडमधले माझे शेजारी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. त्यांची पंचवीस लाखांची इलेक्ट्रिक गाडी कंपनीच्या लीजवर आहे, पैसे त्यांच्याच पगारातून जातात. नोकरी गेली तर गाडी परत करायची किंवा उरलेले पैसे एकदम भरायचे. हे गृहस्थ गरीब नाहीत, पण लोक समजतात तितके श्रीमंतही नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या कंपनीत कपात झाली तेव्हा ते रात्री जिन्यात बसून फोनवर हप्त्याचे आकडे मांडत होते. त्यांनी मलाच विचारले, ताई, किती महिने खेचता येईल?

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के मोटार वाहन कर सुचवला होता आणि त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. इलेक्ट्रिक गाड्या वाढाव्यात हे मला पटते. माझ्या भावाच्या गाडीमागून धूर येत नाही याचा मला अभिमान आहे. अटल सेतूवरची टोलमाफीही त्याला उपयोगी पडते, नवी मुंबईहून रिकामी गाडी परत आणताना विशेष. पण साठ लाखांच्या गाडीवर तो कर ३ लाख ६० हजार रुपये झाला असता. पंधराशेच्या हिशोबाने ती एका बाईची वीस वर्षांची रक्कम होते. साठ लाख मोजणाऱ्याला आपण प्रोत्साहन म्हणून तेवढे सोडले, आणि कर्ज काढून घेतलेल्या साडेतेरा लाखांच्या गाडीवर पोट भरणाऱ्याच्या बायकोला महागडी गाडी आहे म्हणून पंधराशे नाकारले. हा निर्णय कुणी असा शेजारी-शेजारी ठेवून घेतला नसेल, हे मी समजू शकते. पण माझ्या भावाच्या घरात तो असाच शेजारी-शेजारी येऊन पडला.

माझे मागणे फार मोठे नाही आणि त्यातले बहुतेक आपल्या खात्याच्या हातात आहे. आरटीओच्या नोंदीत वाहन खासगी आहे की भाड्याचे हे लिहिलेले असते. कर्ज असेल तर एचपी, म्हणजे बँकेचा बोजा, चढवलेला असतो, बँकेचे नाव आरसीवर छापलेले असते आणि कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ देऊन तो उतरवीपर्यंत ती नोंद तशीच राहते. म्हणजे माहिती आपल्याकडे आधीपासून आहे. दुसऱ्या खात्याला चारचाकीधारकांची यादी पाठवताना हे दोन रकाने तिच्यात ठेवून पाठवा: भाड्याची की खासगी, आणि बोजा आहे की नाही. खासगी गाडीवर कर्ज असले म्हणजे माणूस गरीब ठरत नाही हे मला कळते, त्यामुळे दुसरा रकाना केवळ विचारात घ्यावा एवढेच म्हणते. पहिल्या रकान्यावर मात्र निर्णय व्हावा. भाड्याची गाडी ट्रॅक्टरच्या रांगेत बसवण्यासाठी महिला व बालविकास विभागाला आपण स्वतः पत्र लिहावे.

आणि ‘परमिट नसले तरी आरसीवरील मोटार कॅब ही नोंद टॅक्सीचा पुरावा मानावी’ असे एक ओळीचे परिपत्रक शिधावाटप कार्यालयांपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था अन्न व नागरी पुरवठा विभागाशी बोलून करावी. त्या एका ओळीने मुंबईतल्या इलेक्ट्रिक टॅक्सीवाल्यांच्या खेपा वाचतील.

भावाची आरसी, कर्जाचा खातेउतारा, पाटल्यांची गहाण पावती आणि हिशोबाची वही घेऊन मी आपण सांगाल त्या दिवशी मंत्रालयात येईन. फक्त पाच तारीख टाळावी. त्या दिवशी हप्ता कापला जातो आणि खात्यात पुरेसे पैसे आहेत का ते पाहायला मी सकाळी त्याच्याकडे भांडुपला असते.

आपली नम्र,
एक निवृत्त वाहनकर्ज अधिकारी,
मुलुंड, मुंबई